‘किनखाब’ आणि ‘हिमरू’ : दोन वस्त्रनामांची व्युत्पत्ती

शब्दाचे मूळ शोधताना केवळ ध्वनिसाम्यावर विसंबता येत नाही. हे स्पष्ट होण्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या विणकामाशी संबंधित दोन शब्द पाहू.

किनखाब म्हणजे जरीच्या वेलबुट्टीचे रेशमी वस्त्र. भारतात आलेल्या इंग्रजांनी हा शब्द ‘किंकॉब’ या रूपात स्वीकारला. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात त्याची नोंद आहे. ‘कम’ (थोडे) आणि ‘ख्वाब’ (स्वप्न) असा त्याचा विग्रह करून, ‘स्वप्नातही क्वचित दिसावे असे वस्त्र’ असा अर्थ सांगितला जातो. अर्थ मोहक आहे. परंतु मध्ययुगीन फार्सी-अरबीत या जातीच्या वस्त्राला ‘कमखा’ म्हणत. जुन्या रूपात अंत्य ‘ब’ नाही. म्हणजे ‘ख्वाब’ची कल्पना नंतर जोडली गेली असली पाहिजे. अपरिचित शब्दाला परिचित शब्दांच्या साच्यात बसविण्याच्या या प्रवृत्तीस लोकव्युत्पत्ती म्हणतात. ‘कमखा’चे मूळ चिनी असावे आणि त्यातील पहिला घटक ‘किन’ म्हणजे सोने असावा, असे मत हा कोश नोंदवतो. हाच ‘कमखा’ मध्ययुगात युरोपात पोहोचून ‘कॅमोका’ झाला होता. अशा प्रकारे एकच शब्द पूर्वेकडून दोनदा, दोन वाटांनी इंग्रजीत गेला.

आता ‘हिमरू’ हा शब्द घेऊ. मराठी कानाला त्यात ‘हिम’ ऐकू येते. पण बर्फाशी त्याचा संबंध नाही. फार्सीत ‘हम’ म्हणजे समान आणि ‘रू’ म्हणजे चेहरा. किनखाबासारखे दिसणारे, सुती ताण्यावर रेशमी बाण्याने नक्षी विणलेले वस्त्र ते हिमरू, अशी त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते. येथे वस्त्राची घडण अर्थाला दुजोरा देते. शिवाय फार्सी ‘हम’ आणि संस्कृत ‘सम’ हे एकाच मूळचे शब्द आहेत.

सारांश, व्युत्पत्ती ठरविताना शब्दाचे जुने रूप, त्याच्या प्रवासाची वाट आणि प्रत्यक्ष वस्तू या तिन्हींची साक्ष घ्यावी लागते. आज शहरात हिमरूचे हातमाग मोजकेच उरले आहेत. माग थांबला की वस्तूची साक्ष दुर्मीळ होते आणि मागावरची बोलीही हरवते. म्हणून कारागिरांच्या शब्दांची नोंद वेळीच व्हायला हवी.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. ‘कमखा’ या रूपामुळे ‘कम-ख्वाब’ ही व्युत्पत्ती का टिकत नाही?
२. आपल्या परिसरातील एखाद्या कारागिराकडून त्याच्या व्यवसायातील पाच शब्द अर्थांसह नोंदवा.