पांढऱ्या गाडीवरचे पिवळे डाग



डाग या विषयावर आपल्या चार वर्षांच्या सिलॅबसमध्ये एकही युनिट नाही. मेसच्या रश्श्याने शर्टावर काढलेल्या नकाशांचा अनुभव मात्र होस्टेलवर प्रत्येकाच्या गाठीशी आहे. आज ज्या डागांबद्दल लिहितोय ते गाडीच्या रंगावरचे आहेत, आणि त्यांच्यापायी आमच्या वणीला दोन घरांमधलं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. म्हणून हा लेख. केमिस्ट्री फर्स्ट इयरलाच सोडून आलो असं ज्यांना वाटतं, त्यांनीही वाचावा.

आमचं गाव वणी, तालुका दिंडोरी. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याचं गाव आणि चारी बाजूंनी द्राक्षबागा. काकांनी दसऱ्याला नवी पांढरी गाडी घेतली. द्राक्षाच्या पैशावर घेतलेली गाडी म्हणजे काय, हे बागाईतदाराच्या घरातल्या मुलांना सांगायला नको. रोज सकाळी काका आधी गाडी पुसायचे, मग चहा. फेब्रुवारीत एके दिवशी बॉनेटवर, टपावर आणि डिकीवर पिवळे-तपकिरी ठिपके दिसले. मोहरीएवढे, काही लांबट, काहींना शेपटी. धुतले तरी जाईनात. दोन दिवसांनी आणखी पडले.

निदान करायला गावात माणसांची कमतरता नसते. कुणी म्हणालं रंगच खराब लागलाय, कुणी म्हणालं बोअरचं पाणी. शोरूमवाल्याने लांबूनच बघून "बाहेरचं काहीतरी पडलंय, वॉरंटीत बसत नाही, बॉनेट रंगवून घ्या" असं सांगितलं. गॅरेजवाला रॉकेलचा बोळा घेऊन तयारच होता. काकांचं निदान मात्र पक्कं होतं: शेजारचे आबा. आबांचा प्लॉट उशिरा छाटलेला, त्यांचा ब्लोअर अजून चालू होता. "मुद्दाम वारं आमच्याकडं असलं की फवारतो!" बांधाचं जुनं दुखणं होतंच, त्यावर हे मीठ. रविवारी भाऊबंदांना बसवून भरपाई मागायची, इथवर गोष्ट गेली होती. मी शनिवारी घरी पोचलो. म्हटलं, "काका, एक आठवडा थांबा, आधी हे आहे काय ते बघू." आठवडा मिळाला, पण "तुमच्या कॉलेजात गाड्या धुवायला शिकवतात का?" हेही ऐकून घ्यावं लागलं.

आता थोडं थिअरीकडे. गाडीचा रंग हा एक थर नसतो. पत्र्यावर आधी फॉस्फेटचं कोटिंग, त्यावर विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक प्रायमर, मग सरफेसर, मग प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे डोक्याचे दोन केस शेजारी ठेवले तर जेमतेम तेवढी. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. चमक त्याची, ऊन झेलणारा तो, आणि डाग पडतात तेही त्याच्यावरच. कारखान्यात हा थर साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजला जातो. गॅरेजमध्ये संपूर्ण गाडीला (आतलं प्लास्टिक, वायरिंग, सीटसकट) एवढी उष्णता देता येत नाही, म्हणून तिथला रंग कमी तापमानाला सुकणारा, वेगळ्या जातीचा असतो. तेव्हा नव्या गाडीचं बॉनेट रंगवून घेणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. शोरूमच्या काउंटरवर हे कुणी सांगत नाही.

डाग दिसला की पहिला प्रश्न "कशाने काढू" हा नसतो. तो क्लिअर कोटच्या वर बसलाय, आत रुतलाय, की त्याने थराला खड्डा पाडलाय, हे आधी बघायचं. गाडी धुऊन नखाचा पोटरा हलकेच फिरवा. खरखर लागली तर वर काहीतरी चिकटलंय. काहीच लागलं नाही आणि डाग दिसतोय, तर रंगद्रव्य मुरलंय. तिरप्या उजेडात कडा आणि खोलगट भाग दिसला तर थर खाल्ला गेलाय. आमच्या ठिपक्यांची खरखर लागत होती. अर्धी भीती तिथेच गेली.

मग एकेका संशयिताची व्हायवा घेतली.

पहिला, बोअरचं पाणी. आपलं पाणी बेसाल्टमधून झिरपून येतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असतात. थेंब उन्हात सुकला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. तेच, जे होस्टेलच्या गीझरच्या कॉइलवर साचतं. पण हे डाग पांढरट, कडेला जाड आणि मधे फिके, रिंगणासारखे असतात आणि व्हिनेगरने सुटतात. आमचे पिवळे, भरीव होते आणि व्हिनेगरला दाद देत नव्हते. पाणी निर्दोष.

दुसरा, गडावरची पूजा. नवी गाडी गडावर गेल्याशिवाय आमच्याकडे ती घरची होत नाही. बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं झालं होतं. हळदीतल्या कर्क्युमिनची एक गंमत आहे: ते आम्लात पिवळं आणि अल्कलीत लालसर होतं. म्हणून हळदीचा डाग साबणाने घासला की लाल होतो आणि माणूस घाबरतो, वाटतं रंगच निघाला! (हळदीत चुना घातला की कुंकवासारखा रंग येतो, तोही याच कारणाने.) आमच्या ठिपक्यांवर सोड्याच्या पाण्याचा थेंब ठेवला, रंग बदलला नाही. शिवाय कर्क्युमिन उन्हात टिकत नाही, दसऱ्याची हळद फेब्रुवारीपर्यंत कशी राहील? आणि पूजेची हळद रोज नव्याने टपावर कशी पडेल?

तिसरा, लोखंडाचे कण. वेल्डिंग-ग्राइंडिंगच्या ठिणग्या किंवा ब्रेकची पूड रंगावर चिकटते, गंजते आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी टिंब दिसतं. आपल्या फॅब्रिकेशन शॉपमागे गाड्या लावणाऱ्या स्टाफने आपापली गाडी एकदा बघावीच. पण ही टिंबं सुईच्या टोकाएवढी असतात. शेपटी नसते.

चौथे आबा. इथे काळजीपूर्वक वागायचं होतं, कारण निकाल चुकला तर भांडण माझ्या नावावर लागलं असतं.

काकांचा मुख्य आरोप मोरचुदाचा होता. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि कळीचा चुना. एक टक्क्याचं करायचं तर प्रत्येकी १ किलो, १०० लिटर पाण्यात. याचा जन्म फ्रान्समधल्या बोर्डो भागातला. तिथले बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं मिश्रण शिंपडायचे, का, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत! मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर केवडा पडत नाही, आणि १८८५ साली त्यांनी ते औषध म्हणून जाहीर केलं. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला.

मोरचुदातलं तांबं पकडणं सोपं आहे. व्हिनेगरमध्ये बुडवलेला इअरबड ठिपक्यावर मिनिटभर दाबून धरला, मग तो बड वॉचग्लासमध्ये ठेवून त्यावर अमोनियाचे थेंब टाकले. तांबं असेल तर गडद निळा रंग येतो. (हे बडवर करायचं, गाडीवर नाही.) तुलनेसाठी काकांच्याच शेडमधल्या ड्रमवर सुकलेल्या बोर्डोच्या थेंबावर हीच टेस्ट केली, बड झटकन निळा झाला. गाडीवरचे पाचही नमुने कोरे. म्हणजे तांबं नाही. पण एवढ्यावर आबा सुटत नाहीत हेही मान्य करायला हवं, कारण ब्लोअरमधून तांब्याशिवाय गंधक आणि इतर दहा औषधं जातात. त्यांच्या बाजूने आणखी एक पुरावा होता: ब्लोअरचा फवारा धुक्यासारखा बारीक असतो आणि वाऱ्याने आला तर गाडीच्या एका अंगावर जास्त बसतो. इथे दारांवर जवळजवळ काही नव्हतं, सगळं वरून पडलेलं. आणि आबांच्या प्लॉटच्या उलट दिशेला असलेल्या अंगणात वाळत घातलेल्या चादरीवरही तसेच ठिपके होते! चादरीची तक्रार काकू चार दिवस करत होत्या, पण गाडीपुढे चादरीला कोण विचारतो.

सोमवारी तीन ठिपके ओल्या कापसाने सोडवून डबीत घातले आणि कॉलेजला आणले. सिव्हिलच्या पर्यावरण प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप आहे (आपल्या मेटलर्जीचा चालत नाही, त्यात प्रकाश वरून येतो, इथे आरपार जायला हवा). स्लाइडवर एक थेंब, वर कव्हरस्लिप, ४०० पट. गंधकाचे खडे नाहीत, चुना नाही. दिसले ते शेकडो गोल आणि लंबगोल दाणे, काही सुरकुतलेले, बरेचसे रिकाम्या टरफलांसारखे. लॅबचे सर बघताक्षणी म्हणाले, "अरे, हे परागकण आहेत."

परागकण वाऱ्यानेही पडतात, पण ते धुळीसारखे पसरतात. एका थेंबात हजारोंनी, तेही आतला गर पचवून रिकामे केलेले, असे एकाच ठिकाणाहून येतात: मधमाशीच्या पोटातून. म्हणजे काकांच्या गाडीवर पडली होती ती मधमाश्यांची विष्ठा. गावातल्या पाण्याच्या उंच टाकीच्या पोटाला आग्यामोहोळ लटकलेलं होतं, रोज बघूनही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. फेब्रुवारी म्हणजे आंब्याचा मोहर आणि बियाण्याच्या कांद्याचे गोंडे फुलण्याचा काळ. माश्यांची चंगळ.

यात हसण्यासारखं काही नाही, कारण याच ठिपक्यांनी एकदा महासत्तांनाही चकवलं आहे. १९८१ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी आरोप केला की लाओस आणि कंबोडियात सोव्हिएत मदतीने विषारी "पिवळा पाऊस" पाडला जातोय. पानांवरचे पिवळे ठिपके पुरावा म्हणून गोळा झाले. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन आणि मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांना त्यात परागकणांची रिकामी टरफलं दिसली. १९८४ मध्ये ते थायलंडच्या जंगलात गेले, तिथे आग्या माश्यांचे थवे एकदम पोळं सोडून उडाले आणि त्यांच्या अंगावरच पिवळा पाऊस पडला. चीनमध्ये जिआंगसू प्रांतात १९७६ साली असाच पाऊस पडला होता आणि तिथल्या शास्त्रज्ञांनीही हेच कारण दिलं होतं. अमेरिकन सरकारने आरोप अधिकृतपणे मागे घेतला नाही, पण बहुतेक शास्त्रज्ञांनी मधमाश्यांचं स्पष्टीकरण स्वीकारलं. आपल्याकडे पश्चिम बंगालमधल्या संग्रामपूरला २००२ साली हिरवट-पिवळा पाऊस पडला तेव्हाही रासायनिक हल्ल्याची कुजबुज झाली, तपासात निघाल्या मधमाश्याच. तेव्हा आमच्या काकांनी आबांवर संशय घेतला यात नवल ते काय!

आता काढायचं कसं. परागकणाचं टरफल स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं, निसर्गातल्या सगळ्यात चिवट पदार्थांपैकी एक. आम्लाने ते विरघळत नाही, म्हणून व्हिनेगर हरलं. रॉकेलनेही विरघळत नाही, उलट बोळ्याखाली तेच दाणे आणि धूळ घासली जाऊन बारीक ओरखडे पडतात. पण टरफल विरघळवायची गरजच नाही. ते ज्या चिकट, प्रथिनं-तेलाच्या थराने रंगाला धरून बसलंय तो मऊ केला की झालं. गाडी सावलीत लावली, पत्रा थंड होऊ दिला. कोमट पाण्यात गाडीचा शाम्पू घालून त्यात भिजवलेली जुनी सुती फडकी डागांवर वीस मिनिटं अंथरून ठेवली. मग न दाबता, एकाच दिशेने सरकवत पुसलं. दहातले आठ गेले. उरलेल्यांवर पुन्हा तेच. त्यातूनही राहिलेल्यांसाठी क्ले बार: ती मातीसारखी वडी भरपूर साबणपाण्यावरून सरकवायची, जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्यायची, नाहीतर चिकटलेला खडा रंगावर रांगोळी काढतो. पॉलिश किंवा कंपाउंड सगळ्यात शेवटी, कारण ते डाग काढत नाही, डागासकट क्लिअर कोट घासून कमी करतं, आणि तो थर पुन्हा येत नाही.

टपावर चार जागी फिकट खुणा राहिल्या. तिथे ठिपके आठवडाभर उन्हात भाजले गेले होते. वर बसलेला डाग वेळेत काढला नाही की खड्ड्याच्या वर्गात जातो तो असा. काकांनी त्या तशाच राहू दिल्या. बैठक झाली नाही. आबांनी मात्र सगळं ऐकल्यावर आपल्या ट्रॅक्टरचं बॉनेट दाखवलं, त्यावर तेच ठिपके होते. त्यांनी ते कधी मोजले नव्हते इतकंच. माश्यांना हात लावायचा नाही यावर दोघांचं एकमत झालं, मोहोर संपला की ती मंडळी आपणच जातात. तोवर गाडीवर रात्रंदिवस सुती कव्हर.

जाता जाता होस्टेलमागच्या आंब्याखाली गाड्या लावणाऱ्यांसाठी. मार्चमध्ये काचेवर आणि टाकीवर जो चिकट, चकचकीत फवारा बसतो तो झाडाचा चीक नाही आणि माश्यांचाही नाही. तो मोहरावरच्या तुडतुड्यांनी टाकलेला गोड रस असतो, त्यावर पुढे काळी बुरशी चढते. ताजा असताना नुसत्या कोमट पाण्याने जातो. त्याच दिवशी धुवा, परीक्षा असली तरी.