घरातले वायू ओळखा



शेणापासून मिळणारा गोबरगॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. त्यावर शेगडी चालते, दिवाही लागतो. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचे मरकॅप्टन त्यात मिसळतात. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आल्यास काडी ओढू नका, दिव्याचे बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडा.

जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड मात्र दिसत नाही, त्याला वासही नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. म्हणून थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नका. डोके दुखले, मळमळले, तर सर्वांना घेऊन लगेच उघड्यावर या आणि दवाखाना गाठा.