आकाशातला घोडा

बालमित्रांनो आणि भिंतीजवळ उभे राहून वाचणाऱ्या पालकांनो,

मागच्या महिन्यात मी वर्गात सांगितले, "काल रात्री मला मृगात घोड्याचे डोके दिसले." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते खोटे होते. आज खरे लिहिते.

विज्ञानाच्या तासाला गुरुजींनी तेजोमेघांची चित्रे दाखवली होती. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांच्या मधल्या जागेतले वायू आणि धूळ यांचे प्रचंड ढग. त्यांतला एक थेट घोड्याच्या डोक्यासारखा, म्हणून त्याचे नाव अश्वशीर्ष. रात्री मी अंगणात तासभर मान वर करून बसले. घोडा काही दिसेना. वाटलं, बाकीच्यांना दिसला असेल, आपलेच डोळे अधू. म्हणून थाप मारली.

पण आज्जी म्हणाली, "मला पण दाव की गं तुझा घोडा." माझी बोबडीच वळली. दुसऱ्या दिवशी गुरुजींना सगळे सांगितले. ते हसून म्हणाले, "अगं, तो नुसत्या डोळ्यांना कुणालाच दिसत नाही!"

हा मेघ काळ्या धुळीचा आहे. कंदिलापुढे हात धरला की हात काळा दिसतो, तसा तो मागच्या वायूच्या उजेडापुढे दिसतो. पण तो उजेड फार मंद असतो. फोटोच्या काचेवर तो बराच वेळ साठवावा लागतो. १८८८ साली अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत विल्यमिना फ्लेमिंग या बाईंना हा घोडा अशाच काचेवर सापडला.

दुसरा आहे खेकडा, वृषभ राशीत. १०५४ साली चिनी लोकांनी तिथे एक नवा तारा भर दिवसा पाहिला. तो फुटलेला तारा होता. त्याचे वायू अजून पसरत आहेत. आयर्लंडच्या लॉर्ड रॉस यांनी दुर्बिणीतून पाहून काढलेले चित्र खेकड्यासारखे आले, म्हणून ते नाव पडले. आजच्या फोटोत मात्र खेकडा शोधावा लागतो. म्हणजे आकार आपण देतो.

मग नुसत्या डोळ्यांनी काय दिसते? हिवाळ्यात मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण शोधा. त्याच्या दक्षिणेला तीन बारीक चांदण्यांची ओळ आहे. मधली चांदणी धुरकट दिसते. तोच मृगातला मोठा तेजोमेघ. तिथे नवे तारे जन्माला येतात. त्याचा उजेड इथे पोचायला सुमारे १३०० वर्षे लागतात.

काल तो आज्जीला दाखवला. ती म्हणाली, "कापसाच्या बोंडावाणी दिसतंय गं." मला तर नुसता धुरकट ठिपका दिसला, आणि मी तेवढेच सांगितले.

अमावास्येच्या आसपास तुम्हीही बघा. दिसेल तेवढेच वर्गात सांगा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी