गुपित प्रेक्षकाला आधी सांग

चि. मुग्धा,



तुझी एकांकिका वाचली. हात लिहिता आहे, यात शंका नाही. पण नवऱ्याचं खरं नाव वेगळंच आहे ही गोष्ट तू शेवटच्या ब्लॅकआउटपर्यंत दाबून ठेवलीस, तिथे माझी गाडी अडली. धक्का बसतो, टाळ्याही पडतील. पण तोपर्यंत रंगमंचावर जे काही चाललंय ते नुसतं वेळ काढणं आहे, कारण प्रेक्षकाला कशाचीच धास्ती नाही.

म्हणून 'फ्लॉवर ऑफ इव्हिल' बघ. जुलै ते सप्टेंबर २०२० मध्ये कोरियाच्या टीव्हीएन वाहिनीवर झालेली ही सोळा भागांची मालिका. लेखिका यू जंग-ही, दिग्दर्शक किम चोल-ग्यू. किम यांना या कामासाठी पुढच्या वर्षी बेकसांग पुरस्कारही मिळाला. विषय जवळपास तुझाच आहे. बेक ही-सुंग हा धातुकाम करणारा कारागीर, घरकाम करतो, लेकीला सांभाळतो. बायको चा जी-वॉन खुनांचा तपास करणाऱ्या पथकात आहे. आणि हा नवरा खरा बेक ही-सुंग नाहीच. तो डो ह्यून-सू, एका सराईत खुन्याचा मुलगा, गावच्या प्रमुखाच्या खुनात पोलिसांना हवा असलेला.

मी सगळं फोडलं म्हणून चिडू नकोस. लेखिकेनेच ते पहिल्या भागात फोडलंय. जुन्या ओळखीचा एक पत्रकार कामानिमित्त त्याच्या कार्यशाळेत येतो आणि त्याला ओळखतो. ह्यून-सू त्याला बेशुद्ध करून तळघरात बांधून ठेवतो. तेवढ्यात बायको येते. वर नवरा-बायकोचा लाडिक प्रसंग, पायाखाली बांधलेला माणूस. ती पोलीस आहे हे आपल्याला ठाऊक, खाली कोण आहे हेही ठाऊक. आता तिने नुसतं "दमले रे" म्हटलं तरी आपण खुर्चीच्या टोकाला. हेच तू तुझ्या पहिल्या प्रवेशात करू शकली असतीस. एक लेव्हल आणि एक बंद दार, एवढंच लागतं.

खरी गंमत पुढे आहे. मालिकेच्या मध्यावर जी-वॉनला नवऱ्याचं खरं कळतं, पण तिला कळलंय हे त्याला कळत नाही. घर तेच, जेवणाचं टेबल तेच, बोलणंही रोजचंच. फक्त लपवणारा माणूस बदलला. प्रेमकथा आणि रहस्यकथा यांची अशी गाठ मी क्वचित पाहिली आहे. एरवी लोक एक गाणं प्रेमाचं आणि एक पाठलाग रहस्याचा असे तुकडे जोडतात. इथे "आज लवकर येशील ना?" हा संसारी प्रश्नच तपास होऊन बसतो.

नवऱ्याची भूमिका करणाऱ्या ली जून-गीचं काम तर दोनदा बघ, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. ह्यून-सूची समजूत अशी, की आपल्याला भावनाच नाहीत. लहानपणापासून गावाने त्याला झपाटलेला ठरवलेलं. म्हणून हसावं कसं, वाईट वाटल्यावर चेहरा कसा होतो, हे तो व्हिडिओ बघून घोकतो. बायकोने पाठ फिरवली की ते हसू चेहऱ्यावरून उतरतं. भुवया हलत नाहीत, ओठ फक्त सैल पडतात. तुझ्या नायकाला तू दीड पानाचं स्वगत दिलंयस, "मी कोण आहे?" वगैरे. ते काप. त्याऐवजी त्याला एवढं एक काम दे. आणि बायकोला सगळं कळलंय हे लक्षात आल्यावर हाच माणूस तिच्यापुढे ढसाढसा रडतो, तेव्हा त्या रडण्याचा हिशोब आधीच्या त्या कोऱ्या चेहऱ्यांत मांडून ठेवलेला असतो. स्वगताने हे साधत नाही.

मालिकेत दोषही आहेत. वर्षानुवर्षं कोमात पडलेला खरा ही-सुंग उठतो आणि थोड्याच दिवसांत चाकू चालवायला लागतो, हे मला पचलं नाही. शेवटाकडे स्मृतिभ्रंशही येतो. हे बघून मी कपाळाला हात लावला. नंतर मात्र जाणवलं, की लेखिकेने तीच सोंगटी उलटी फिरवली आहे. पहिल्या भागात नवऱ्याला ठाऊक होतं, बायकोला नव्हतं. शेवटी तिला सगळा संसार आठवतो आणि त्याच्या लेखी तो घडलेलाच नाही. आता त्याला घोकलेलं हसूही वापरता येत नाही. युक्ती जुनीच, पण जागेवर बसलेली.

हिंदीत हीच गोष्ट २०२२ साली झी-फाइव्हवर 'दुरंगा' म्हणून आली, गुलशन देवैया आणि दृष्टी धामी यांची. तीही बघ, पण नंतर. बघताना वही जवळ ठेव, प्रत्येक भागाखाली तीन रकाने कर: प्रेक्षकाला काय ठाऊक, नवऱ्याला काय, बायकोला काय. मालिका मूळची बुधवार-गुरुवार दाखवली जायची. म्हणून गुरुवारच्या भागांच्या शेवटाकडे जास्त लक्ष दे, कारण त्या शेवटावर प्रेक्षकाला पुढच्या बुधवारपर्यंत टांगून ठेवायचं असे. मग तेच तीन रकाने स्वतःच्या संहितेचे कर. पहिला रकाना बहुतेक रिकामा निघेल.

तारखा जवळ आल्यात हे मला माहीत आहे. तरी नवा पहिला प्रवेश शनिवारच्या तालमीआधी लिहून पाठव. नेपथ्यवाल्याला अजून काही कळवू नकोस, दार कुठे येतंय ते आधी ठरू दे. सासूच्या संवादांना मात्र हात लावू नकोस, ते फर्मास झालेत.

तुझा,
सर