विटाळ आणि वस्त्र

भोसले राजांच्या अमदानीत, अठराव्या शतकात, तंजावर येथे त्र्यंबकयज्वन् या पंडिताने ‘स्त्रीधर्मपद्धति’ हा संस्कृत ग्रंथ रचला. स्त्रीने पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत कसे वागावे, याचे तपशीलवार विवेचन त्यात आहे. रजस्वलेचे आचारही त्यात सांगितले आहेत. ज्युलिया लेस्ली यांचा या ग्रंथावरील इंग्रजी अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला.

अशा आचारांची मुळे फार जुनी आहेत. तैत्तिरीय संहितेतील कथा अशी : विश्वरूपाच्या वधाने इंद्राला ब्रह्महत्येचे पातक लागले. त्याचा एक वाटा भूमीने, एक वृक्षांनी आणि एक स्त्रियांनी घेतला. मोबदल्यात स्त्रियांना संततीचा वर मिळाला. म्हणजे ज्या स्रावामुळे स्त्री अस्पर्श ठरली, तोच तिच्या मातृत्वाचीही खूण मानला गेला. त्याच ठिकाणी रजस्वलेने तीन रात्री स्नान करू नये, केस विंचरू नयेत, काजळ घालू नये, असे निर्बंध आहेत. ते मोडल्यास होणाऱ्या अपत्यात व्यंग येईल, असे भयही घातले आहे. तेथे रजस्वलेला ‘मलवद्वासस्’, म्हणजे मळलेल्या वस्त्राची, असे म्हटले आहे. स्त्रीची ओळखच तिच्या वस्त्रावरील डागावरून ठरावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तमिळ समाजात मुलीला प्रथम ऋतू प्राप्त झाला की हळदीच्या पाण्याने न्हाऊ घालून, नवी वस्त्रे देऊन समारंभ करतात. महाराष्ट्रातही ‘न्हाण आले’ म्हणून मुलीला मखरात बसवीत. पहिल्या वेळी ज्याचा सोहळा होई, त्याच गोष्टीसाठी पुढे दर महिन्यास तिला ‘बाजूला बसावे’ लागे. ‘कावळा शिवला’ हा मराठी वाक्प्रयोग त्या शिवाशिवीचाच अवशेष होय. मात्र हे नियम पाळणे प्रत्येकीला सारखे शक्य नव्हते. घरकाम करावयास दुसरी माणसे असत, तेथेच ते काटेकोरपणे पाळता येत. रोजच्या मजुरीवर पोट भरणाऱ्या स्त्रीला तीन दिवस शेतातील काम सोडणे परवडणारे नव्हते.

या व्यवहारात एक विसंगती होती. बाजूला बसलेल्या स्त्रीची स्थिती साऱ्या घराला ठाऊक असे. परंतु तिने वापरलेले कापड मात्र कोणाच्या दृष्टीस पडता कामा नये. म्हणून ते अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या लुगड्याखाली वाळत घालावे लागे. वस्तुतः जुने सुती कापड वाईट नव्हे. साबणाने स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळविल्यास ते पुन्हा वापरता येते. दमट राहिलेले कापड मात्र त्वचेस त्रास देते. येथे अपाय कापडाने होत नव्हता. ते लपविण्याच्या सक्तीने होत होता.

अलीकडे साधने झपाट्याने बदलली. कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगानंदम यांनी ग्रामीण स्त्रियांना चालविता येईल असे स्वस्त पट्ट्या बनविण्याचे यंत्र तयार केले. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. तमिळनाडू शासनाने ग्रामीण किशोरींना विनामूल्य पट्ट्या देण्याची योजना सुरू केली. २०१८ साली केंद्राने त्यांवरील वस्तू व सेवा कर रद्द केला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते २४ वर्षे वयाच्या सुमारे ६४ टक्के स्त्रिया विकतच्या पट्ट्या वापरीत. कापड वापरणाऱ्याही निम्म्याच्या घरात होत्या. पुष्कळजणी दोन्ही वापरीत, हे यावरून उघड होते.

परंतु दुकानदार ती पुडी आजही वर्तमानपत्रात किंवा काळ्या पिशवीत गुंडाळून देतो. पट्टी डाग रोखू शकते, विटाळाची कल्पना रोखू शकत नाही. गर्भधारणा न झाल्यास गर्भाशयाचे आतील अस्तर गळून पडते, एवढाच या घटनेचा शरीरशास्त्रीय अर्थ आहे. तो घराघरांत मुलींप्रमाणेच मुलांनाही सांगितला गेला, तर ऋतू असलेल्या मुलीला देवघराबाहेर थांबवताना घरातील कोणीतरी निदान ‘का?’ असे विचारील.