निरोप आणि निकाल

काचीगुड्याचे रेल्वे स्थानक १९१६ साली बांधले गेले. शाळेत कोणी पाहुणे यावयाचे असले की आम्ही एखाद्या विद्यार्थ्यास तेथे धाडतो. परतताना तो दोन गोष्टी आणतो. काम झाले की नाही, ही एक. आम्हां कोंकणी माणसांच्या घरी ती 'जालें' एवढ्या एका शब्दात संपते. दुसरी म्हणजे चिठ्ठीवर टिपून आणलेला मजकूर, 'गाडी तीन नंबरच्या फलाटावर'. पहिली गोष्ट निकाल, दुसरी निरोप. संगणकाच्या शेलमध्ये आज्ञा लिहू लागलेल्या विद्यार्थ्यांची गल्लत बहुधा या दोहोंत होते.

शेल म्हणजे युनिक्स व लिनक्स या प्रणालींत आपली आज्ञा वाचून ती पार पाडणारा दुभाषी. प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक मागे ठेवते. शून्य म्हणजे यश. अन्य कोणताही अंक म्हणजे अपयश. हे प्रथम विचित्र वाटते खरे, पण यश एकच असते आणि अपयशाच्या तऱ्हा अनेक. शब्द शोधणारी 'ग्रेप' ही आज्ञा शब्द सापडल्यास ०, न सापडल्यास १ आणि फाइलच नसल्यास २ हा अंक देते. 'इफ' केवळ हा अंक पाहतो. छापलेल्या मजकुराकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

आता डॉलरचे चिन्ह काढून पुढे गोल कंसात आज्ञा घातली, तर शेल प्रथम ती चालवतो आणि तिने छापलेला मजकूर त्याच जागी ठेवून मग वाक्य वाचतो. १९७९ च्या बॉर्न शेलमध्ये यासाठी उलटी अवतरणचिन्हे होती. कंसांची सोयीची रीत डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने आणली. समजा, कोणी लिहिले (आज्ञा रोमन लिपीत असतात, येथे उच्चार देत आहोत):

इफ $(ग्रेप संमती फाइल)

फाइलीत 'संमती' हा शब्द असेल तर तो कंसाच्या जागी येतो, आणि शेल 'संमती' नावाची आज्ञा शोधू लागतो! ती सापडत नाही, म्हणून अंक येतो १२७. शब्द सापडूनही उत्तर 'नाही'. चिठ्ठीवरचा निरोपच हुकूम समजला गेला. फाइलीत एखाद्या खऱ्या आज्ञेचे नाव असते, तर ती चाललीही असती.

गंमत पुढेच आहे. ग्रेपला '-क्यू' लावून मौन पाळावयास सांगितले, तर कंसातून काहीच निघत नाही. चालवावयास काही उरत नाही, आणि आतल्या आज्ञेचाच अंक ग्राह्य धरला जातो. वाक्य बरोबर चालते, पण केवळ नशिबाने. अशा वाक्याखाली आम्ही तांबडी रेघ ओढतो.

तांबडी रेघ आम्हांसही चुकली नाही. वेरूळच्या सहलीसाठी ४२ मुलांच्या ४२ फाइली केल्या होत्या. पालकांचे पत्र आले की त्या मुलाच्या फाइलीत 'संमती' एवढाच शब्द लिहावयाचा. तपासणीसाठी आम्ही लिहिले:

इफ [ -एन $(ग्रेप संमती फाइल) ]

चौकोनी कंस ही परीक्षा करणारी आज्ञा, आणि '-एन' म्हणजे 'पुढील मजकूर रिकामा नाही ना?' बेचाळीसही फाइलींनी होकार दिला. आम्ही निर्धास्त. आदल्या संध्याकाळी एका मुलीची आई शाळेत आली व म्हणाली, "सर, कसली सहल? आम्हांला काहीच ठाऊक नाही."

झाले होते ते असे. शब्द सापडला नाही की कंसाच्या जागी काहीच उरत नाही, रिकामा मजकूरसुद्धा नाही. मग चौकोनी कंसांत राहते एकटे '-एन'. एकच शब्द दिसला की परीक्षा फक्त एवढेच पाहते की, तो रिकामा आहे का. '-एन' हा शब्द रिकामा नाही. म्हणून उत्तर नेहमी 'होय'!

डॉलरसह तो सारा कंस दुहेरी अवतरणचिन्हांत घातला असता, तर रिकामेपणही शब्द म्हणून शिल्लक राहिले असते आणि उत्तर बरोबर आले असते. पण येथे निरोपाची गरजच नव्हती. हवा होता निकाल. आम्ही डॉलर, गोल कंस, चौकोनी कंस सारे काढून टाकले:

इफ ग्रेप -क्यू संमती फाइल

यावेळी दोन फाइलींनी नकार दिला. एक त्या मुलीची. तिच्या आईने तेथेच बसून पत्र लिहून दिले. दुसऱ्या मुलाचे पत्र आठ दिवसांपूर्वीच आले होते. ते आमच्याच हजेरीपटाच्या पानांत सापडले.