पोलादांतील बुडबुडे

चंद्रपूरच्या उन्हाळ्यांत बर्फाच्या गाडीपाशीं उभे राहणाऱ्या विद्यार्थ्यांनीं बर्फाची लादी कधीं निरखून पाहिली आहे काय? तिच्या कडा कांचेसारख्या स्वच्छ, परंतु मध्यभाग पांढुरका असतो. पाणी गोठतांना त्यांत विरघळलेली हवा आंत ढकलली जाते व अखेर बुडबुडे होऊन अडकते. पोलादाचीही गोष्ट अशीच आहे.

गडचिरोलींतील सुरजागडच्या डोंगरांत लोहखनिज आहे. अशा खनिजापासून केलेलें पोलाद सुमारें १५०० अंश सेल्सियसला वितळतें. त्या रसांत प्राणवायु विरघळलेला असतो. रस थिजूं लागला कीं प्राणवायूचा पोलादांतील कर्बाशीं संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो आणि आंत पोकळ्या राहतात. यावरील औषध आपल्या चंद्रपुरांतच तयार होतें. स्टील ऑथॉरिटीच्या येथील कारखान्यांत फेरोमँगनीज व सिलिकोमँगनीज बनतात. त्यांतील मँगनीज व सिलिकन हे प्राणवायूला धरून मळींत नेतात.

परंतु थिजलेल्या, घट्ट पोलादांतही वायु जन्मास येतो, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. अणुभट्टींत न्यूट्रॉनांचा मारा होतो. पोलादांतील निकेल व अल्पसा बोरॉन यांच्या अणूंवर ते आदळले म्हणजे हेलियम वायु उत्पन्न होतो. शिवाय धातूचे अणु जागचे हलून सूक्ष्म रिकाम्या जागा पडतात.

पुढें काय घडावें हें उष्णता ठरविते. उष्णता कमी असतां हेलियमचे अणु जवळजवळ जागच्या जागीं खिळून राहतात. सुमारें ४०० ते ६०० अंशांत रिकाम्या जागा एकत्र येऊन पोकळ्या होतात व पोलाद फुगतें. त्याहून अधिक उष्णतेंत हेलियम धातूच्या कणांच्या सीमांवर जमतो, आणि पोलाद न ताणतां तडकूं लागतें. ही फुगवण प्रथम १९६७ सालीं स्कॉटलंडमधील डौनरे येथील अणुभट्टीच्या पोलादांत आढळल्याचें प्रसिद्ध झालें. भारतांत कल्पाक्कम येथें १९८५ सालीं सुरू झालेल्या द्रुत अणुभट्टीच्या इंधननळ्याही पोलादाच्याच आहेत. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

येथें वायु टाळतां येत नाहीं. त्यास विखुरतां मात्र येतें. पोलादांत थोडें टिटॅनियम घातलें असतां त्याचे सूक्ष्म कण हेलियमला जागोजागीं अडकवितात. अनेक बारीक बुडबुडे धातु सोसतो. सीमेवर साचलेले मोठे बुडबुडे त्याचा घात करतात.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं उद्यां कारखान्यांत जातील. वरून चकचकीत दिसतें एवढ्यावर त्यांनीं पोलादाची परीक्षा करूं नये. आंत काय दडलें आहे तें तपासावें. त्या तपासणीवर माणसांचे प्राण अवलंबून असतात.